चारशे पुड्यांचा साबुदाणा

आषाढी एकादशीला दहा दिवस उरले असताना हॅम्बर्गमधल्या मराठी घरांतला साबुदाणा नाहीसा झाला. चोरी वगैरे काही नव्हती. पद्माकर नवाथे स्वतः दारोदार हिंडला, प्रत्येक दारात छत्री झटकली, आत जाऊन चहा घेतला आणि निघताना पिशवी पुढे केली. "एकादशीच्या आत जसाच्या तसा परत देतो," असं तो प्रत्येक घरी म्हणाला. नऊ घरांतून आठ किलो जमला. मंडळाच्या फराळासाठी आणलेला आणखी बारा किलो कुंदाताईंच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कुलपात होता. तो मिळवायला त्याला तीन कप चहा, दीड तास आणि आईची शपथ एवढं सगळं खर्ची घालावं लागलं.

"ऑफिसच्या कामासाठी हवाय," तो सांगायचा. छप्पन्न वर्षांचा, जाड चष्म्याचा मेकॅनिकल इंजिनिअर ऑफिसच्या कामासाठी साबुदाणा मागतो म्हटल्यावर लोक त्याच्याशी जरा जपूनच बोलत. सोबत पिशव्या धरायला आणलेली पंधरा वर्षांची अन्वी तर प्रत्येक जिन्यावर त्याला ऐकवत होती, "बाबा, दस इस्ट सो पाइनलिश!" लाज वाटते हे तिला मराठीत म्हणता येत नव्हतं असं नाही, पण लाज तिला जर्मनमध्येच वाटायची.

आता हा साबुदाणा कशाला, ते सांगायला हवं. पद्माकरची कंपनी पुड्या भरायची मशीनं बनवते. साखर, पीठ, कुत्र्यांचं खाणं, खिळे, काहीही वरून ओता आणि खालून बंद पुड्या घ्या. ही मशीनं खोलीएवढी असतात आणि त्यांचा रुबाबही तसाच असतो. चार वर्षांपूर्वी पद्माकरने हट्ट धरून एक लहान मशीन बनवलं. पन्नास ग्रॅमची पुडी भरणारं, चार जणांना उचलता येणारं, दोन पान्यांनी उघडणारं. ते काढताना त्याच्या डोळ्यांपुढे कराडचं किराणा दुकान होतं, दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबणारं, जिथे माळेतली एक पुडी तोडून घेता येई. जर्मन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे किलोची पिशवी होती. चार वर्षांत एक नग विकला गेला नाही. पहिला आणि शेवटचा नमुना हॉल तीनच्या कोपऱ्यात निळ्या आच्छादनाखाली उभा होता. कागदोपत्री त्याचं नाव सतरा अक्षरं आणि आकड्यांचं होतं. पद्माकर त्याला छोटी म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आसपास कोणी नसलं की आच्छादन काढून तिला पुसायचा.

जुलैअखेर हॉल तीन रिकामा करायचा होता. छोटीला मोडून सुटे भाग कपाटात टाकायचे, असा विभागप्रमुख हेर, म्हणजे श्री., टीटयेन यांचा निर्णय झाला होता. टीटयेन वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला जागेचं भाडं दिसायचं आणि छोटी दिसायची नाही.

अशात घानाहून मिसेस जीफा आग्बेको यांचा मेल आला. घानाच्या पूर्वेकडे व्होल्टा भागात या बाईंचा कारखाना होता, हाताखाली चाळीस बायका. त्या गारी बनवत. कसाव्याचा कंद किसायचा, पिळायचा आणि कढईत कोरडा भाजायचा, की झाली गारी. लॉरीचे ड्रायव्हर, शाळा-कॉलेजातली मुलं, बाजारातल्या बायका ती पाण्यात भिजवतात, वर साखर आणि शेंगदाणे टाकतात आणि खातात. बाईंना ती एका माणसाच्या एका भुकेपुरत्या पुडीत विकायची होती. पन्नास ग्रॅम. पद्माकरने तो मेल चार वेळा वाचला आणि कोणी पाहत नाहीये ना बघून डोळे पुसले.

"आफ्रिका?" टीटयेन म्हणाला. "आफ्रिकेसाठी आपण नाताळात डबा फिरवतोच की. आल्झो, तर मग देऊन टाकू त्यांना हे मशीन. फुकट. वर्तमानपत्रात फोटो येईल."

छोटी वाचतेय एवढंच पद्माकरला ऐकू आलं. त्याने मोठ्या उत्साहाने बाईंना फोन लावला. त्याचं सगळं ऐकून घेऊन बाई इंग्रजीत सावकाश बोलल्या.

"मिस्टर नवाथे, आमच्या गावात आजवर देणगीची तीन मशीनं आली. एक शाळेच्या मागे आहे, त्यात कोंबड्या अंडी घालतात. दुसऱ्यावर लोक कपडे वाळत टाकतात. तिसरं कुठंय ते चर्चलाच माहीत. फुकटचं मशीन बिघडलं की कोणाला बोलायचं? उलट देणाऱ्याचे आभार मानावे लागतात. मला आभार मानायला वेळ नाही. माझ्याकडे चाळीस बायका कामाला आहेत, मला त्या ऐंशी करायच्यात. मी मशीन विकत घेणार. पैसे दिले की तुम्हाला फोन करून ओरडण्याचा हक्क मिळतो."

पद्माकरला ही बाई एकदम आवडली. पुण्यातल्या कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यावर ती शोभली असती.

त्यांची अट सरळ होती. गुरुवारी, चौदा जुलैला त्या स्वतः येणार आणि त्यांच्यासमोर आबनामे होणार. आबनामे म्हणजे मशीनची शेवटची परीक्षा: सलग शंभर पुड्या, त्यात जास्तीत जास्त दोन खराब. पास झालं तर सही. नाही तर शुक्रवारी सकाळी ब्रेमेनच्या एका कंपनीत त्यांची दुसरी भेट ठरलेली होती. पूर्वतयारीसाठी त्यांनी गारीची दोन पोती आधीच जहाजाने पाठवली, आणि कुठला तरी एक कागद कमी पडला म्हणून ती बंदरात अडकली.

इथे पद्माकरच्या हातून मोठी चूक झाली. त्याने नेटवर वाचलं: गारी, कसाव्यापासून केलेले दाणे. कसावा कसा दिसतो ते पाहिलं, अजून थोडं वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. अरे, साबुदाणा याच कंदाचा असतो! दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने जाहीर केलं, "पोत्यांसाठी थांबायची गरज नाही. हा माल मी लहानपणापासून ओळखतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," टीटयेन म्हणाला आणि ते वाक्य जसंच्या तसं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, गेलं.

घरी नंदिनीने ऐकलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "अहो, पण एकाच कंदाचं आहे म्हणून एकच वस्तू कशी होईल? बटाट्याचा कीस आणि बटाट्याचं पीठ, दोन्ही बटाट्याचंच ना? एकदा त्या बाईंना फोन करून विचारा की."

"अगं, तू यात पडू नकोस," पद्माकर म्हणाला. "हे मटेरिअल सायन्स आहे."

नंदिनीने लाटणं जरा जास्त जोरात फिरवलं. त्या लाटण्याचा आवाज कसा ऐकायचा हे पद्माकर तेवीस वर्षांच्या संसारात शिकला नव्हता.

चाचणी मात्र झकास झाली. साबुदाणा मोत्यांसारखा नरसाळ्यातून घरंगळत उतरला. खाली प्लास्टिकच्या पट्टीची पुडी होत होती, छोटीचे गरम जबडे ती दाबून बंद करत होते, आणि टप टप पुड्या पडत होत्या. वीस किलो साबुदाणा, चारशे पुड्या, खराब एकही नाही. टीटयेनने छोटीकडे पहिल्यांदाच माणसासारखं पाहिलं. पद्माकरने गुरुवारसाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

गुरुवारी पाऊस होता. मिसेस आग्बेको पिवळाधमक झगा घालून आल्या. पन्नाशीच्या, उंच, चालण्यात कसलीही घाई नसलेल्या. मागे चाकांची भलीमोठी बॅग होती. हस्तांदोलन झाल्या झाल्या त्यांनी ती हॉलमध्येच आडवी करून उघडली. आत दोन झगे होते आणि गारीच्या दोन फुगलेल्या पिशव्या.

"पोती सुटतील तेव्हा सुटतील," त्या म्हणाल्या. "मी माझा माल माझ्याबरोबर आणते."

पद्माकरने हसतमुखाने पिशवी फोडली, नरसाळ्यात ओतली आणि बटण दाबलं. पहिली पुडी रिकामी पडली. दुसरीत चिमूटभर होतं. तिसरी अर्धी भरली, जबड्यांतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर उघडून सांडली. मग छोटीने एक ढेकर दिल्यासारखा आवाज काढला आणि पांढऱ्या भुकटीचा ढग टीटयेनच्या निळ्या कोटावर सोडला.

पद्माकरने नरसाळ्यात डोकावून पाहिलं. कसला साबुदाणा! भाजलेल्या जाड्या रव्यासारखे ओबडधोबड, कोनाकोनांचे कण आणि त्यात भरपूर पीठ. कण एकमेकांत अडकून नरसाळ्यात कमान करून बसले होते, खाली काही उतरत नव्हतं. जे उतरत होतं ते पीठ, आणि ते जबड्यांमध्ये बसून पुडीला चिकटूच देत नव्हतं.

"हेर नवाथे," टीटयेनने कोट झटकत विचारलं, "प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय की हा माल तुम्ही लहानपणापासून ओळखता."

"मी..." पद्माकरने चष्म्यावरची भुकटी पुसली. "मी याच्या चुलतभावाला ओळखतो."

मिसेस आग्बेको खाली वाकल्या. छोटीच्या पायाशी साबुदाण्याचा एक दाणा राहून गेला होता. तो त्यांनी बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला. "हे काय आहे?" पद्माकरने खरं काय ते सांगितलं, सगळं, शपथेसकट. त्या हसल्या नाहीत. दाणा पर्समध्ये टाकून त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मी चार वाजता निघणार आहे." अकरा वाजले होते.

पद्माकरने नरसाळ्याचा उतार बदलला, वेग बदलला, कंप वाढवला. कंप वाढवल्यावर गारी आणखीच घट्ट बसली. एक वाजला. त्याला राहून राहून कपाटातले छोटीचे सुटे भाग दिसू लागले, नंबराच्या चिठ्ठ्या लावलेले. रडू आवरायला तो जरा बाजूला जाऊन उभा राहिला.

एवढ्यात मागून ठक ठक ऐकू आलं. मिसेस आग्बेको नरसाळ्याला हाताने थापट्या देत होत्या. दोन थापट्या, थोडं थांबायचं, परत दोन. आणि गारी भसकन खाली उतरत होती.

"आमच्या बायका डबा भरताना दोनदा ठोकतात," त्या म्हणाल्या. "एकदा ठोकलं तर कमी भरतं, तीनदा ठोकलं तर दाबून बसतं. हे तुमच्या मशीनला कोणी शिकवलं नाही?"

पद्माकर बघत राहिला. त्याला कराडच्या गिरणीतला प्रताप आठवला. दळणाचा डबा घेऊन स्टुलावर बसलेल्या पद्माकरने शंभर वेळा पाहिलेला, एका हाताने विडी सांभाळत दुसऱ्या हातातल्या लाकडी दांडक्याने गिरणीच्या तोंडाशी ठकठक करणारा प्रताप. आणि पीठ उडू नये म्हणून गिरणीच्या खालच्या नळीला बांधलेली कापडाची लांब बाही! लहानपणापासून तो हे ओळखत होता, साबुदाणा नव्हे.

तो धावत ऑफिसच्या टीक्यूशमध्ये, चहाच्या खोलीत गेला आणि लाकडी डाव घेऊन आला. फिरत्या दांड्यावर दोन गुटके, म्हणजे लहान ठोकळे, बसवले, म्हणजे प्रत्येक पुडीमागे डाव दोनदा उचलला जाऊन नरसाळ्यावर आपटेल. मग कापड शोधू लागला. हॉलमध्ये ग्रीस लागलेल्या चिंध्या होत्या, स्वच्छ कापड नव्हतं. पद्माकरने क्षणभर विचार केला, कात्री घेतली आणि आपल्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून कापली. बाही नरसाळ्याखालच्या नळीला घट्ट बांधली आणि तिचं टोक पुडीच्या तोंडात सोडलं.

"होल्त्स?" टीटयेन ओरडला. "लाकूड? आणि शर्ट? अन्नाच्या मशीनमध्ये?"

"डावावर शिक्का आहे," एक उघडा दंड पुढे करत पद्माकर म्हणाला. "अन्नासाठी मान्य. आणि शर्ट आज सकाळीच साठ अंशांवर धुतलाय." धुतला रविवारी होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तीनला दहा कमी असताना बटण दाबलं. ठक ठक, टप. ठक ठक, टप. टीटयेन मोठ्याने मोजत होता. पन्नास ग्रॅमच्या जवळपास प्रत्येक पुडी. एक्केचाळिसावी उघडी निघाली. सत्याऐंशीवी पण. आता एकही चालणार नव्हती. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. छोटी थांबली.

मिसेस आग्बेकोंनी ढिगातून एक पुडी निवडली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. नीट, पर्स मांडीवर घेऊन. "लॉरीत लोक मालावर बसतात," त्यांनी खुलासा केला. टीटयेनने या परीक्षेला कुठलं नॉर्म लागू होतं असं हळूच विचारलं. दोन मिनिटांनी त्या उठल्या. पुडी शाबूत होती.

सही मात्र लगेच झाली नाही. करारात तीन डाव आणि बारा बाह्या सुटे भाग म्हणून लिहून द्या, असा त्यांचा आग्रह होता. टीटयेनने निमूटपणे संगणक उघडून बाहीला नंबर दिला: 'एर्मेल, बाउमवोले, वाइस'. सुती पांढऱ्या बाहीची कंपनीच्या यादीत अशी रीतसर नोंद झाली. शेवटी बाईंनी ओरडण्यासाठी पद्माकरचा घरचा फोन नंबर लिहून घेतला आणि मग सही केली. छोटी विकली गेली. पद्माकर एका बाहीने भर हॉलमध्ये रडला आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

आनंदाच्या भरात साबुदाण्याचा त्याला साफ विसर पडला होता. तो आठवला संध्याकाळी सहाला, कुंदाताईंचा फोन आला तेव्हा. उद्या एकादशी, दोनशे माणसांची खिचडी, आत्ता भिजत घातला नाही तर उद्या काय वाढायचं? आणि तो जसाच्या तसा परत येणार होता ना? साबुदाणा होता, पण चारशे बंद पुड्यांमध्ये. पद्माकरने पुड्या गाडीत घातल्या. मिसेस आग्बेकोंना घरी जेवायचं आमंत्रण होतं, ते रद्द करताना तो चाचरत राहिला. बाई म्हणाल्या, "मलाही दोन हात आहेत. चला."

कुंदाताईंच्या स्वयंपाकघरात सात बायका, सात कात्र्या आणि पुड्यांचा डोंगर असा देखावा होता. पद्माकरला दारातच थांबवण्यात आलं.

"आईची शपथ घेतली होतीत ना, भाऊजी?" कुंदाताई म्हणाल्या.

"साबुदाणा जसाच्या तसाच आहे, वहिनी. फक्त..."

"फक्त काय? वाण लुटायला निघाल्यासारखा पुड्या बांधून आणलाय!"

मिसेस आग्बेको नंदिनीशेजारी बसल्या, कात्री हातात घेतली आणि कामाला लागल्या. दहा पुड्या झाल्यावर त्यांनी विचारलं, हे कोण खातं? उपासाला खातात, नंदिनी म्हणाली. उपासाला खायचं नसतं ना? खायचं नसतं, पण हे चालतं. वर्षातून कितीदा? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मोजायला लागल्या: एकादश्या, चतुर्थ्या, नवरात्र, श्रावणातले सोमवार. मोजणी वाढत गेली तसा बाईंच्या कात्रीचा वेग कमी होत गेला. शेवटी ती थांबलीच.

"आणि किती लोक?"

"जर्मनीत की सगळीकडचे?" कात्री चालवणाऱ्या शुभदाने विचारलं.

बाईंनी पर्समधून वही काढली. हा दाणा कसाव्याच्या दुधाळ पाण्याच्या तळाशी बसणाऱ्या साक्याचा करतात, हे नंदिनीने सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. "गारीसाठी किसलेला कंद पिळला की तेच पाणी निघतं. मी ते रोज ओतून देते!" मग दाणा केवढा हवा, किती भिजतो, चिकट कधी होतो, हे त्या नंदिनीला विचारत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. पद्माकर दारातून दोनदा काहीतरी सांगायला गेला. दोन्ही वेळा त्याला गप्प बसवलं गेलं. बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि पाऊस थांबला होता.

छोटी ऑगस्टमध्ये जहाजाने गेली. मिसेस आग्बेकोंनी हक्क पुरेपूर बजावला. महिन्यातून एकदा फोन यायचा. डाव झिजला! बाही फाटली! तुमचे गुटके कोणत्या गाढवाने बसवलेत? पद्माकर फोन कानापासून लांब धरून समाधानाने ऐकायचा. चालू मशीनबद्दलच माणूस इतकं ओरडतं हे त्याला कळत होतं. वसंतात त्यांनी आणखी दोन मशीनं मागवली आणि हॉल तीन रिकामा करायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पुढच्या आषाढीच्या आदल्या संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुड्यांचा ढीग होता. त्याने एक उचलली. आत साबुदाणा होता. पुडीच्या कडेला जबड्यांच्या नऊ बारीक रेघा होत्या. बाजारातल्या मशीनांचे जबडे आठच रेघा उमटवतात. नववी त्याने छोटी बनवताना भांडून घातली होती. खाली छापलं होतं: घाना. तो खुर्चीत बसला. पुडी तशीच तळहातावर होती.

"इंडियन शॉपमध्ये आलाय," नंदिनी म्हणाली. "मंडळासाठी पण तोच घेतला. चांगला मोकळा होतो."

"तुला काय माहीत? आजच आलाय ना?"

"हिवाळ्यात चार वेळा सॅम्पल पाठवलं होतं त्यांनी माझ्याकडे. पहिला दगड होता. दुसऱ्याची खळ झाली. तिसरा वरून शिजलेला, आतून कच्चा. तीनदा नापास केला मी. चौथ्याला सही केली, अगदी तुमच्या आबनामेसारखी." तिने पातेलं टेबलावर ठेवलं. "फुकट नाही हं. त्यांनी रीतसर फी दिली. म्हणाल्या, पैसे घेतलेत तरच मला तुमच्यावर ओरडता येईल."

पद्माकरने हातातली पुडी खाली ठेवली. "अगं, पण मला का नाही सांगितलंस?"

नंदिनीने त्याच्या हातात कात्री दिली.

"तुम्ही म्हणाला असतात, हा माल मी लहानपणापासून ओळखतो," ती म्हणाली. "कापा आता. दोनशे चाळीस आहेत."